आंदणाचा डोंगा

मी होडी विकत घेतो आहे असं दिग्रसमध्ये पहिल्यांदा सांगितलं तेव्हा समोरच्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. त्याची काही चूक नव्हती. आमच्याकडून समुद्र इतका लांब की तो आमच्या भांडणातसुद्धा येत नाही. आमच्याकडे कापूस, सोयाबीन, तूर, आणि मे महिन्यात डोक्यावर तापलेला तवा. मी स्वतः छत्तीस वर्षं इथल्या एका जिनिंग मिलमध्ये फिटर होतो. मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग आठवड्यात जाणार ते सांगायचो, आणि ते जायचंच. त्यामुळे गावात माझी थोडीफार पत होती, आणि मला ती फारच मोठी वाटायची. पाणी म्हणाल तर विहिरीत डोकावतानाही मी काठाचा दगड घट्ट धरून ठेवतो. पोहता येत नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

होडी माझ्यासाठी नव्हती, लेकीसाठी होती. आमची एकुलती एक लेक बँकेच्या नोकरीसाठी कोकणच्या किनाऱ्यावर गेली आणि तिथलाच एक मुलगा पसंत करून बसली. मुलगा पर्यटकांना होडीतून जवळच्या बेटावर आणि पाण्यातल्या किल्ल्यावर न्यायचा आणि संध्याकाळपर्यंत परत आणायचा. लग्न नोंदणीचं झालं, अर्ध्या तासात. त्या लोकांनी एक नारळ आणि एक साडी यापलीकडे काही घेतलं नाही. आमच्याकडे लेकीला आंदण देतात; भांडी, कपाट, ज्याची जशी ऐपत. मला ते द्यायचं राहिलं याची रुखरुख होती. पुढं लेकीनं नोकरी सोडली, होडी चालवायचा परवाना काढला आणि नवऱ्याबरोबर ती स्वतःच पर्यटकांना घेऊन जाऊ लागली. होडी मात्र दुसऱ्याची होती, आणि तो आता ती परत मागत होता.

इकडे गल्लीत एकच प्रश्न. "एवढ्या दूर लेक देली भाऊ, सासू कशी हाये तिची?" दूध आणायला जावं तर हा प्रश्न, दाढी करायला बसावं तर हा प्रश्न. मी म्हणायचो, "बरी हाये." खरं तर मी त्या बाईला लग्नाच्या दिवशी काय तो अर्धा तास पाहिलं होतं. त्या काही बोलल्या नव्हत्या आणि मीही नाही. मनात मात्र एक काटा होता. जी सासू सुनेला रोज समुद्रावर धाडते, ती कशी असेल? बायकोशी हे बोललो तर ती म्हणाली, "थे पोरगी कोनाच्या बापाचं ऐकते का? तुमचं तरी ऐकलं का तिनं?"

अशात एक दिवस आमच्या मिलच्या मागच्या आवारात मला होडी दिसली. आमच्या भागातल्या एका ठेकेदारानं मागं अरुणावतीच्या धरणावर रविवारच्या गर्दीसाठी दोन छोट्या फायबरच्या होड्या आणल्या होत्या. धंदा चालला नाही. एक होडी धरणावरच एका भोई माणसाकडे राहिली आणि दुसरी इथं आणून टाकलेली. तिनं उघड्यावर तीन पावसाळे काढले होते. इंजिन गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये ठेवलं होतं. ठेकेदार माणूस सरळ होता. म्हणाला, "पाहा बुवा, जशी हाये तशी हाये. मले त्यातलं काई समजत नाई. तुम्ही फिटर, तुम्हीच पाहा."

त्या शब्दांनी मी पाघळलो. लेकीला फोनवरून होडी दाखवली. जावई म्हणाला, साचा आमच्याकडचाच दिसतोय बाबा, पण आई येऊन बघेल. मी म्हणालो, "आई कायले? तू ये ना." तो हसला. म्हणाला, आमच्या घरात होडी आईच निवडते. तिच्या माहेरी होड्या बांधायचे.

त्या आठ दिवसांनी यायच्या होत्या. ते आठ दिवस मी जे केलं ते आमच्याकडचाच माणूस करू जाणे.

आधी इंजिनाला हात घातला, आणि तिथं मी चुकलो नाही. पूर्ण उघडलं. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले. पाणी ओढणारी रबरी चक्की वाळून कडक झाली होती, ती मुंबईहून मागवली. हे इंजिन पाण्यावर थंड होतं, कोरडं चालवलं तर जळतं, एवढं पुस्तकात वाचून ठेवलं होतं. म्हणून तेलाचा एक ड्रम अर्धा कापला, पाण्यानं भरला आणि इंजिन त्यात टांगलं. पहिल्या दिवशी नुसता धूर. तिसऱ्या दिवशी खोकलं, आणि पाचव्या दिवशी असं चालू झालं की आवारातली कुत्री पळाली. बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार सुटली. मी त्या धारेखाली हात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे.

मग होडी. तिचा रंग उडाला होता, अंगावर बारीक भेगा होत्या आणि मागच्या बाजूला बोल्टांची जुनी भोकं होती. पाहुणी बघायला येणार म्हणजे घर सारवायचं आणि बैल धुवायचा, हे आमच्या हाडात मुरलेलं. मी भेगांत पुट्टी भरली, भोकं बुजवली, घासून गुळगुळीत केलं आणि निळा ऑइल पेंट मारला. त्यावर पिवळा पट्टा ओढला. एवढ्यानंही जीव भरेना, तेव्हा पुढच्या टोकाला पोळ्याच्या बैलाच्या शिंगांना लावतात तसा लालभडक हिंगूळ लावला. मिलचे जुने सोबती येऊन पाहून गेले. एक जण म्हणाला, "आता फक्त झूल टाकाची राह्यली." बायको डबा घेऊन आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "लोकं लेकीले फ्रीज देते, कपाट देते. तुम्ही डोंगा देऊन राह्यले. अन् थोही नवरदेवावानी सजवून!" पण तीही दोन वेळा त्या रंगावरून बोट फिरवून गेली.

एक गोष्ट तेव्हा कोणाला सांगितली नाही, इथं सांगतो. मागची फळी रंगवताना ब्रशचा दांडा चुकून तिच्यावर आपटला होता. बाकी होडी टणटण वाजायची, ती जागा ढब अशी वाजली. मी ते ऐकलं. थोडा थांबलो, फायबरचा आवाज असाच असेल म्हणालो, आणि दुसरा हात मारला.

विहीणबाई आल्या त्या पुण्याहून ट्रॅव्हल्सनं पुसदला आणि पुसदहून एसटीनं. साठीच्या, अंगानं बारीक, चेहरा उन्हानं रापलेला. हातात दोन पिशव्या. एकीत नारळ आणि सुके बोंबील, त्यांच्या वासानं आमची गल्ली दिवसभर जागी होती. दुसरीत कपड्यांचा एक जोड आणि एक कापडी गुंडाळी. बायकोनं पाय धुवायला पाणी दिलं, कुंकू लावलं, पंख्याखाली बसवलं. मी नात्याला साजेशी थट्टा केली. "इहीनबाई, आमचं ऊन कसं वाटलं? सोबत बांधून देऊ का थोडं?" त्या म्हणाल्या, "द्या की. बोंबील वाळवायला कामाला येईल." मला वाटलं, चला, बाई बोलते तरी.

चहा झाला की त्या म्हणाल्या, "होडी बघू." म्हटलं, जेवून घ्या, ऊन उतरू द्या. नको म्हणाल्या. डोक्यावर ओला पंचा घेतला आणि निघाल्या.

होडीभोवती त्यांनी एक चक्कर मारली. हिंगुळाच्या टोकापाशी थांबल्या. "छान रंगवलीत," म्हणाल्या. मी फुलून गेलो. त्यांच्या तोंडून ते कौतुक नव्हतं हे पुढं कळलं.

"रंग कधी लावलात?"

"परवाच. तुम्ही येनार म्हणून."

"हं."

आधी मी इंजिन चालू करून दाखवलं. त्यांनी पाण्याच्या धारेखाली हात धरला, मी धरला होता तसाच, आणि कोमट पाणी बोटांवर खेळवलं. पाच मिनिटं आवाज ऐकला. मग म्हणाल्या, "हे तुम्ही उघडून बसवलंत? मग मला बघायला नको." एवढंच म्हणाल्या, पण छत्तीस वर्षांत मालकानं केलेल्या सगळ्या सत्कारांपेक्षा मला ते मोठं वाटलं. मी मनात म्हटलं, होडीही पास झाली म्हणून समजा.

त्यांनी कापडी गुंडाळी उघडली. तिच्यात एक पेचकस होता, पॉलिश पेपरचा तुकडा होता आणि एक जुना जाड रुपया. त्या रुपयानं त्या होडीला पुढून मागं वाजवत निघाल्या, वीत-वीत अंतरावर, कान जवळ नेऊन. टण. टण. टण. डॉक्टर पोरांची पाठ वाजवून बघायचे तसं. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी त्या रुपयाकडे. तो मागच्या फळीपाशी पोचायच्या आधीच मी दोन पावलं मागं सरलो होतो.

ढब.

त्यांनी पुन्हा वाजवलं. ढब. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडेच. "इथं खोदू का? तुमचा रंग खराब होईल."

"खोदा ना!" मी म्हणालो. आवाज उगीच चढला होता.

पेचकस लावला तसा रंगाचा पापुद्रा उडाला. मागून माझ्या पुट्टीचा गोळा निघाला, सबंध, भोकाच्या आकाराचा. आणि त्यामागून, फायबरच्या आत भरलेलं लाकूड यायला लागलं. लाकूड कसलं, उकळून टाकलेल्या चहापत्तीसारखा काळा ओला चोथा. बाहेर चव्वेचाळीस अंश ऊन आणि त्या फळीच्या पोटात पाणी. त्यांनी बोटानं उकरून मूठभर काढलं आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलं. त्याला कुबट वास येत होता.

"होडीत खाली बूच असतं, पाणी काढायचं," त्या म्हणाल्या. "ते कोणी उघडलंच नाय. तीन पावसाळे पाणी आत साचून राहिलं. होडी बाहेरच्या पाण्यानं कुजत नाय, आतल्या पाण्यानं कुजते." मग फळीवर हात ठेवून म्हणाल्या, "इंजिन इथं लटकतं. लाट बसली की सगळा भार इथं येतो. ही सुटली की इंजिन जातं आणि त्या जागी समुद्र आत येतो. आणि हँडल धरायचं तर तिला इथंच बसावं लागतं."

"कोनाले?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"तुमच्या लेकीला."

भीती वाटली की काही माणसं गप्प होतात. मला राग येतो. मी म्हणालो, "इहीनबाई, मी काई विकून नाई राह्यलो. आंदण देऊन राह्यलो, आंदण! एवढं खोदून पाह्याची काय गरज होती? तिकडं नेऊन फळी बदलून घ्या." बायकोनं माझ्या दंडाला चिमटा घेतला. तोही मी झटकला.

विहीणबाईंनी पेचकस पुसून गुंडाळीत ठेवला. "पोरासाठी असती तर नेली असती," त्या शांतपणे म्हणाल्या. "तो माशासारखा पोहतो, पडला तर येईल घरी. सुनेला अजून नीट पोहता येत नाय. फळी बदलली तरी आतून कुठवर कुजलंय ते मला दिसणार नाय, सगळ्यावर रंग आहे. या होडीत मी तिला बसवायची नाय, व्याहीबुवा. राग आला तर येऊ द्या."

दुपारी पानावर वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, पाटवडीचा रस्सा, सगळं होतं. त्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला. मी भाकरीचे नुसते तुकडे करत बसलो. त्या जड दुपारी मी आडवा पडलो आणि मला माझे बाबा आठवले. आमच्याकडे बैलजोडी होती तेव्हा ते मला बैलबाजारात न्यायचे. एखाद्या बैलाची शिंगं तेल लावून, घासून, रंगवून चकचकीत केलेली असली की मी तिथंच उभा राहायचो आणि बाबा माझी बखोटी धरून पुढं ओढायचे. म्हणायचे, "पोळ्याच्या दिवशी बैल रंगवलेला दिसला तं हात जोडावं, अन् बाजारात रंगवलेला दिसला तं खिसा सांभाळावं." रंगाखाली शिंगाचं वय झाकतात, व्रण झाकतात. हे मी दहा वर्षांचा असताना शिकलो होतो. आणि चौसष्टाव्या वर्षी स्वतःच्या लेकीसाठी शिंगं रंगवून बसलो होतो. ठेकेदारानं काही लपवलं नव्हतं. लपवलं होतं ते मी, आणि आवाज ऐकूनही.

संध्याकाळच्या चहाला मी विहीणबाईंसमोर बसलो आणि ब्रशच्या दांड्याचं सांगून टाकलं. बाबांचं वाक्यही सांगितलं. बायको म्हणाली, "आता सांगते! एवढे दिवस कान काय उसने देले होते?" विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ऐकू आलं हे कबूल करणारे थोडेच. माझे वडील म्हणायचे, होडी बांधणाऱ्यानं आपल्याच होडीवर रुपया वाजवू नये, त्याला हवं तेच ऐकू येतं." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "दोन होत्या म्हणालात ना? दुसरी कुठंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धरणावर गेलो. इंजिन न्यायचं म्हणून एक छोटा हत्ती केला, म्हणजे मालवाहू टेम्पो. पुढं ड्रायव्हरजवळ दोन्ही विहिणी ऐटीत आणि मागं इंजिनाला मिठी मारून मी.

दुसरी होडी म्हणजे ध्यान होतं. रंग नाहीच. अंगभर ओरखडे, माशांचे खवले चिकटलेले, पुढच्या बाजूला ताटाएवढं ठिगळ. ती सांभाळणारा भोई म्हणाला की तो रोज संध्याकाळी ती काठावर ओढून पालथी घालतो. "काहून?" मी विचारलं. "लेकरू न्हालं की अंग पुसते ना माणूस?" तो म्हणाला. विहीणबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला तिथंच मानपत्र मिळालं. त्याला ही मोठी होडी नकोच होती. "वल्हवता वल्हवता हात मोडते. आमाले आपला लहान डोंगाच बरा." ठेकेदार तर एक देण्याऐवजी दुसरी द्यायला आनंदानं तयार होता.

विहीणबाईंनी होडी विटांवर चढवायला लावली, आत पंधरा-वीस बादल्या पाणी ओतलं आणि खाली पदर खोचून बसल्या. बाहेरून पाणी आत येतं का ते सगळेच बघतात. ही बाई आतलं बाहेर येतं का ते बघत होती. अर्धा तास त्या तशाच बसून होत्या. बुचापाशी एक थेंब जमला, दुसरा आला नाही. मग त्यांनी बूच काढून पाणी सोडून दिलं, गुंडाळीतून रुपया काढला, आणि तो माझ्यापुढं धरला.

"तुम्ही वाजवा. कान तुमचा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. काल ज्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं त्याच माणसाच्या हातात त्या रुपया देत होत्या. मी होडीला पुढून सुरुवात केली. बायको, भोई, ड्रायव्हर, सगळे जवळ सरकले. टण. टण. ठिगळाच्या एक वीत मागं आवाज किंचित जड आला. ढब नाही, पण टणही नाही. दुसऱ्या कोणाला फरक कळला नसता. सोडून देता आलं असतं. मी थांबलो आणि म्हणालो, "इथं काहीतरी हाये."

त्यांनी कान लावला, दोनदा वाजवून पाहिलं, हाताच्या पेरानं चाचपलं. भोई म्हणाला, "बराबर हाये भाऊ. दगडाले लागली होती, तं आतूनही एक जाड थर देला तिथं." विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "जाड आहे म्हणून जड वाजतंय. कुजकं नाय. पण ऐकलंत बरोबर." मागच्या फळीवर मी दहा ठिकाणी वाजवलं. दहाही ठिकाणी टण. त्यांनी वर चढून त्या फळीवर दोन उड्या मारल्या, साठीच्या बाईनं, आणि खाली उतरून म्हणाल्या, "ही."

इंजिन त्या फळीला मी स्वतः कसलं. बोल्ट त्यांनी तपासले नाहीत. होडी पाण्यात उतरली, आणि मग आलीच ती वेळ. "बसा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मी काठावरून आवाज ऐकतो. "इंजिन तुमचं आहे. बसा." बायको काठावर उभी राहून हसत होती, तिला त्या दिवशी फार मोठी मेजवानी मिळाली.

त्यांनी मला भोयाकडचं, बुडू न देणारं जाकीट घातलं आणि त्याचे पट्टे स्वतः आवळले. इतके आवळले की मी "हळू" म्हणालो. त्या म्हणाल्या, "हळू नाय. तुमची लेकपण रोज हेच म्हणते. रोज सकाळी तिचं जाकीट मी बांधते. म्हणते, आई, मला येतं बांधायला, परवाना मिळालाय मला. म्हटलं, मिळू दे. मी बांधल्याशिवाय होडी सुटायची नाय."

मी आवळलेल्या पट्ट्यावरून एकदा हात फिरवला. होडी सुटली, दोन्ही कडा मी घट्ट धरल्या आणि धरणाचं एवढं मोठं पाणी माझ्या कमरेच्या उंचीवरून सरकायला लागलं. मागं हँडल धरून विहीणबाई उभ्या होत्या. बसल्या नव्हत्या, उभ्या. पदर कमरेला, नजर पुढं, आणि दुसरा हात मोकळा. वळताना होडी कलली तेव्हा मी ओरडलो आणि त्या जागच्या हलल्याही नाहीत. हे रोज माझी लेक करते हे मला माहीत होतं. पण माहीत असणं म्हणजे काय हे मला त्या वळणावर कळलं. मी आयुष्यात खूप कसबी माणसं पाहिली, लोखंडाशी बोलणारे मिस्त्री पाहिले. पण त्या सकाळी त्या होडीत, जाकिटात आवळलेला, मी मनातल्या मनात त्या बाईला दंडवत घातला. आणि रोज तिच्या हाताखाली असणाऱ्या माझ्या लेकीचा मला हेवाही वाटला.

चार दिवसांनी होडी ट्रकवर चढली. कागदपत्रं, तपासणी, नोंदणी हे सगळं जावई तिकडं बघणार होता. निघताना विहीणबाईंनी माझ्या हातातल्या रंगाच्या डब्याकडे पाहिलं. निम्मा निळा उरला होता. मी तो उगीचच आवारातून उचलून आणला होता, ही होडी रंगवू का असं विचारायची लाज वाटत होती.

"आणा तो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं नारळी पुनवेला होड्या रंगवतात. तुमच्या बैलांच्या आधी पंधरा दिवस आमच्या होड्यांचा पोळा. महिनाभर खरवडून, सगळं उघडं करून बघतो, मग रंग. तुम्ही दोघं या. टोकाला ते लाल काय लावता ते घेऊन या."

"हिंगूळ," बायको म्हणाली.

"तोच. आता लावला तर चालेल."

ट्रक गेला. मी मिलच्या आवारात परत आलो. निळी होडी तिथंच उभी होती, हिंगुळाचं टोक उन्हात चमकत होतं आणि मागं भोक पडलेलं. वर्तमानपत्राच्या कागदावरचा तो काळा चोथा वाळून भुसा झाला होता. ठेकेदाराचा माणूस झाडू घेऊन आला होता. मी त्याला थांबवलं. तो चोथा आणि माझ्या पुट्टीचा तो गोळा मी स्टीलच्या एका डबीत भरला. बायकोची जिऱ्याची डबी होती ती, त्यावरून जे ऐकायचं ते ऐकून घेतलं.

नारळी पौर्णिमेला आम्ही जाऊन आलो. हिंगूळ मीच लावला. लेकीनं मला किल्ल्यापर्यंत नेऊन आणलं, आणि निघायच्या आधी तिच्या सासूनं दोघांचीही जाकिटं बांधली. आधी तिचं, मग माझं.

गल्लीतला प्रश्न काही संपलेला नाही. परवाच दाढीच्या दुकानात एकानं पुन्हा विचारलं, "एवढ्या दूर लेक देली भाऊ, सासू कशी हाये तिची?" आता मी बरी हाये असं म्हणत नाही. घरी चला म्हणतो. चहा होईपर्यंत फळीवरची डबी काढतो, झाकण उघडून तो कुजका चोथा विचारणाऱ्याच्या हातावर ठेवतो, हा तिनं कुठून उकरून काढला ते सांगतो आणि म्हणतो, "अशी हाये."